पाच अंगठे

राक्षस, उडते घोडे, मंगळावरच्या वसाहती, काळात मागेपुढे धावणारी यंत्रं, यातलं काही म्हणजे काही मला आवडत नव्हतं. साठीच्या बाईने असलं वाचायचं म्हणजे म्हातारपणी गोट्या खेळायच्या, असं माझं स्पष्ट मत होतं आणि माझी मतं मी पोटात ठेवत नाही. तरीही अशाच कादंबऱ्या वाचणाऱ्या एका ऑनलाइन मंडळाची मी दोन वर्षं प्रमुख होते. त्या मंडळात एका माणसाने स्वतः लिहिलेली कादंबरी आमच्या हाती दिली. आमच्यातल्या एकाने तरी ती शेवटपर्यंत वाचावी, एवढंच त्याचं मागणं होतं. तिचं काय झालं ते सांगते. सांगून काही सुधारणार नाही, तरी सांगते.

हैदराबादला, नारायणगुड्याकडच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. शेवटच्या वर्गात सात मुलं होती, त्यातली चार घरी तेलुगूच बोलायची. मी निवृत्त झाले आणि माझ्या जागी कुणाला घेतलंच नाही, मराठीचा वर्ग तिथेच संपला. घरी बसून डोकं फिरायची वेळ आली होती, तेव्हा बरकतपुऱ्याच्या वहिनींचा फोन आला. या वहिनी बँकेतून निवृत्त झालेल्या, माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, पण ओळखीतले सगळे त्यांना वहिनीच म्हणतात. "बाई, या शहरात मराठी वाचणारे उरलेत तरी किती? आहेत तेवढे गोळा करू या," त्या म्हणाल्या. गोळा केले तर सहा भरले. मी, वहिनी, वहिनींचे मिस्टर, गच्चीबावलीकडे संगणकाच्या नोकऱ्या करणारं एक तरुण जोडपं आणि पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ.

काय वाचायचं ते जोडप्याने ठरवलं. मी दोन-तीन बरी नावं सुचवली तर त्यातली ती मुलगी म्हणाली, "मॅम, ते दुष्काळ, सासू, विहीर नक्को. ड्रॅगन असेल, स्पेस असेल तर आम्ही आहोत." मला असा राग आला! पण ही दोघं गेली असती तर चौघंच उरलो असतो, आणि त्यात वहिनींचे मिस्टर म्हणजे नुसती भर. ते आवाज बंद करून बसायचे आणि मधूनच चहाचा कप तोंडाला लावायचे. म्हटलं, ठीक आहे बाई, ड्रॅगन तर ड्रॅगन.

दर रविवारी अकराला आम्ही फोनवर एकमेकांची तोंडं बघायचो. अकराला, कारण विहारातली वंदना आटपून मी साडेदहाला घरी येते. नियम सगळे माझे. पहिल्याच महिन्यात वहिनींनी एका जाडजूड कादंबरीचा शेवट फोडला, कोण मेलं ते ग्रुपवर सरळ लिहून मोकळ्या झाल्या. ती मुलगी दोन दिवस रुसून बसली. तेव्हा मी नियम केला की पुढच्या भागाबद्दल काही लिहायचं असेल तर आधी दहा ओळी नुसते ठिपके द्यायचे. म्हणजे मजकूर खाली दडतो आणि ज्याचं वाचून झालंय त्यानेच 'पुढे वाचा' दाबून तो उघडायचा. वाचून झालं की खाली अंगठा द्यायचा, म्हणजे कोण कुठवर आलंय ते मला कळतं. आणि पुस्तकाशिवाय बोलायचं नाही. दुखणी, लग्नं, राजकारण, सकाळची फुलं, काही नाही. वर्ग मी असाच चालवला होता, मंडळ काय वेगळं चालवणार?

पोस्टातल्या गृहस्थांना आम्ही पोस्टमास्तर म्हणायचो. मास्तर ते कधीच नव्हते. आबिड्सच्या पोस्टात छत्तीस वर्षं टपाल वेगळं करायचं काम त्यांनी केलं, या गावचं या खणात, त्या गावचं त्या खणात. हडकुळे, हळू बोलणारे, कुणाचं बोलणं मधे तोडतील तर शप्पथ. आजोबा निजामाच्या अदालतीत कारकून होते, त्यामुळे त्यांच्या मराठीत अर्धी उर्दू. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगा बंगळुरूला. दीड वर्ष त्यांनी आमच्याबरोबर दुसऱ्यांची पुस्तकं वाचली आणि नेमाने अंगठे दिले. मग एका रविवारी घसा खाकरून म्हणाले, "बाई, इजाजत असेल तर माझं एक आहे. बावीस वर्षं लिहून राहिलो. आजवर कुणी वाचलेलं नाही."

आम्ही सगळ्यांनी अरे वा, अरे वा केलं. वहिनींच्या मिस्टरांनीसुद्धा आवाज चालू केला. 'नाही' कुणाच्या तोंडून निघणार?

अकरा वह्या होत्या. एका वहीत एक प्रकरण. मोबाइलवर टाइप करणं त्यांना जमायचं नाही, दोन ओळी लिहायच्या तरी अर्धा तास जायचा, म्हणून ते पानांचे फोटो काढून पाठवायचे. पंधरा दिवसांना एक प्रकरण, चाळीस-पन्नास फोटो, आणि पाठवले की ते आपल्या फोनमधून पुसून टाकायचे. पहिल्याच खेपेला त्या तरुणाचा फोन भरून बंद पडायला आला. त्याने मला विचारून ग्रुपवर सोय करून दिली की सात दिवसांनी सगळं आपोआप पुसलं जाईल. मी म्हटलं, उत्तम, त्या निमित्ताने लोक वेळेत तरी वाचतील.

पहिलं प्रकरण मी वाचलं. खरंच वाचलं. पुढे कधी तरी येणारं हैदराबाद होतं त्यात. शहराच्या आजूबाजूचे ते मोठाले खडक चालायला लागलेत, वर्षाला एक पाऊल, आणि माणसं कुरकुर न करता त्यांच्या वाटेतली घरं हलवतात. शहरात एक पोस्ट आहे, तिथे अजून जन्मालाच न आलेल्या माणसांच्या नावाची पत्रं येतात. ती उघडायची नाहीत, फक्त खणात लावून ठेवायची. ते माणूस जन्मलं, मोठं झालं, की नेऊन द्यायची. हे काम करणारा एक कारकून आहे आणि तो म्हातारा होत चाललाय, कारण पत्रं वाढताहेत आणि जन्म कमी होताहेत. वाचताना माझा चहा निवून गेला. मी चहाला कधी निवू देत नाही.

आणि मी काय केलं? त्या फोटोंवर लाल रेघा ओढल्या. मोबाइलवर बोटाने तशा ओढता येतात, ते मला त्या मुलीने शिकवलं होतं. इथे ऱ्हस्व हवं, तिथे दीर्घ हवं, 'परेशान' कशाला, 'हैराण' लिहा, 'जुस्तजू' मराठीत चालत नाही. बासष्ट चुका काढल्या आणि ग्रुपवर सगळ्यांसमोर टाकल्या. त्यांनी लिहिलं, "शुक्रिया बाई. दुरुस्त करतो." आवडलं म्हणून मी लिहिलंच नाही. वाटलं होतं, शेवटी सांगू एकदम. आवडलं म्हणायची मला सवयच नाही, एकतीस वर्षांत एकाही वहीवर मी 'छान'च्या पुढे गेले नाही.

दुसरं प्रकरणही वाचलं. त्याच्या शेवटी त्या कारकुनाच्या हातात त्याच्याच घराच्या पत्त्याचं पत्र येतं, आणि नाव असतं ते घरात कुणाचंच नसतं. तिथपर्यंत मी आले आणि तिसऱ्यापाशी अडकले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता, फोटो पुसट होते, अक्षर मुंगीएवढं. ही सबब नव्हे. त्याच पंधरवड्यात मी छापील पुस्तक अख्खं वाचलं होतं, दिव्याखाली धरून. कंटाळा केला, दुसरं काही नाही. उद्या वाचू, परवा वाचू, आणि सात दिवस झाले. फोटो गेले.

पुन्हा पाठवा म्हणायचं होतं. तेवढंच करायचं होतं! पण नियम माझे, आणि मुलांना वेळेवरून झापणारी मीच. शिवाय तोवर वहिनींचा अंगठा आला होता, जोडप्याचे दोन आले होते. माझाच नव्हता. मी अंगठा दिला. तिसरं गेल्यावर चौथं काय कळणार? तेही उघडलं नाही. पाचव्याला तर फोटो येताक्षणी अंगठा दिला, इतकी मी निर्लज्ज झाले होते.

माझे वडील नांदेडकडच्या खेड्यातून इथे सरकारी कचेरीत शिपाई म्हणून आले. आमच्या वस्तीत पुस्तकाला आधी कपाळ लावायचे, मग उघडायचे. बाकी खोटं ते एकवेळ सोडून द्यायचे, पण न वाचता वाचलं म्हटलं की त्यांचा हात उठायचा. माझी आजी अंगठा उठवायची, कारण तिला कुणी शिकवलंच नव्हतं. मला शिकवलं, एम.ए. केलं, आणि मी काय करत होते तर फोनवर अंगठे उठवत होते.

रविवारी चर्चा व्हायची, आणि ती छान व्हायची, हीच तर गंमत. न वाचलेल्या धड्यावर पाऊण तास बोलणं मास्तरणीला अवघड नसतं. मी म्हणायचे, "भाषा ओघवती आहे, पण आवरायला हवी." जोडपं म्हणायचं, "वर्ल्ड बिल्डिंग मस्त आहे." वहिनी म्हणायच्या, "शेवटी काय, माणसामाणसांतलं नातंच महत्त्वाचं." आणि पोस्टमास्तर मान खाली घालून हे सगळं एका वहीत लिहून घ्यायचे. पडद्यावर त्यांचा पेन हलताना दिसायचा. एकदा त्यांनी विचारलं, "नातं म्हणजे वहिनी, त्या बुढ्याचं आणि त्या मुलीचं, की दुसरं?" वहिनी म्हणाल्या, "सगळंच हो, सगळंच." त्यांनी तेही लिहून घेतलं. मला वाटलं, वहिनी मोघम बोलतात खऱ्या, पण वाचत असणार. म्हणजे माझ्या एकटीच्या न वाचण्याने त्यांचं काही बिघडत नाही. त्या विचारावर मी पाच महिने निवांत झोपले.

एका सोमवारी अकरावं प्रकरण आलं. फोटोंच्या खाली त्यांनी एक निरोपही लिहिला होता. वर एक ओळ, 'शेवटाविषयी', आणि खाली आमच्या नियमाप्रमाणे ठिपके, दहा ओळी. नियम त्यांनी मोडला नाही. पुढचा मजकूर दडलेला. ज्याने शेवट वाचलाय त्याच्यासाठी. मी वाचला नव्हता, मग उघडू कशी? इतकं खोटं करून त्या एका नियमाला मात्र मी चिकटून राहिले, बघा. अंगठा दिला. माझा पहिला, मग वहिनींचा, मग दोघांचे, आणि रात्रीच्या जेवणाआधी वहिनींच्या मिस्टरांचाही आला. पाच अंगठे.

त्या रविवारी पोस्टमास्तर आले नाहीत. मी म्हटलं, आता पुढचं पुस्तक कोणतं घ्यायचं? ड्रॅगनचं घ्यायचं ठरलं.

मंगळवारी वहिनींचा फोन आला. "अहो, ते चालले म्हणे मुलाकडे कायमचे. घर रिकामं करताहेत. मला आत्ता कळलं, आमच्या धुणंवालीकडून." दोन वर्षं दर रविवारी ज्यांचं तोंड बघत होतो, ते गाव सोडून चाललेत हे धुणंवालीने सांगावं लागलं. पुस्तकाशिवाय बोलायचं नाही ना, नियम! शनिवारी सकाळी मी शेंगदाण्याची चटणी कुटली, बरणीत भरली आणि वहिनींना बरोबर घेऊन त्यांच्या घरी गेले. वहिनींच्या घरापासून दोन गल्ल्या टाकून घर, आणि आम्ही दोघीही पहिल्यांदाच जात होतो.

दार उघडंच होतं. सगळीकडे खोकी, सुतळी, जुनी वर्तमानपत्रं. आम्हाला बघून ते इतके हरखले की बसायला काय द्यावं सुचेना, शेवटी एक खोकंच पुढे सरकवलं. समोर भिंतीत एक फळी होती, पूर्ण रिकामी, आणि धुळीत वह्या ठेवल्याची चौकोनी खूण. मी विचारलं, "वह्या नीट बांधल्यात ना? प्रवासात भिजायच्या."

"वह्या?" ते म्हणाले. "त्या गेल्या की, बाई. परवाच्या गुरुवारी कबाडीला देऊन टाकल्या."

मी म्हटलं, "काय?"

"तुमचे सगळ्यांचे आले ना अंगठे. मग मी नाही थांबलो." आणि ते इतक्या साधेपणाने सांगायला लागले, जसं काही मला ठाऊकच आहे. मुलाकडे दोन खोल्या, जागा नाही. वह्या न्याव्या की टाकाव्या, कळेना. म्हणून त्यांनी शेवटाखाली आम्हाला विचारलं होतं. "मी लिहिलं होतं ना, ज्यांनी शेवटपर्यंत वाचलं त्यांनीच सांगा. ठेवण्यालायक वाटलं तर एक शब्द लिहा, एकच, काहीही. नसेल वाटत तर लिहायची तकलीफ नको, नेहमीचा अंगठा पुरे. मी समजून जाईन. तोंडावर नाही म्हणायला माणसाला जड जातं, म्हणून तसं केलं."

मी वहिनींकडे बघितलं. वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांनीही वाचलं नव्हतं. एक पानसुद्धा नाही. बाई वाचताहेत, या भरवशावर त्या होत्या, आणि मी त्यांच्या. जोडप्याला नंतर फोन केला तर ती मुलगी रडायला लागली. म्हणाली, "मॅम, हाताचं मराठी आम्हाला वाचताच येत नाही. छापलेलं असेल तर बोट ठेवून येतं. सांगायची शरम वाटली." आणि वहिनींच्या मिस्टरांचा अंगठा वहिनींनीच दिला होता, त्यांच्या फोनवरून. मी नंतर काचीगुड्याच्या बाजूला दोन कबाड्यांकडेही जाऊन आले. एकाला वह्या आठवत होत्या. म्हणाला, "अम्मा, वो कागज तो उसीच दिन गाडी में गया." गाडी कुठे जाते विचारलं तर त्याने हात वर केला, लांब कुठेतरी.

पण हे सगळं नंतरचं. त्या शनिवारी मी खोक्यावर बसले होते, मांडीवर चटणीची बरणी, आणि ते माझे आभार मानत होते. हो, आभार! "बावीस वर्षं वाटायचं, कोणी खरं बोलेल का? घरच्यांनी वाचलं नाही. बायको म्हणायची, तुमचं तुम्हाला लखलाभ. तुम्ही पाच जणांनी अकरा प्रकरणं वाचलीत, बाई. वाचून नापसंत केलीत, त्याचं दुःख नाही. न वाचताच गेलं असतं, तर जिवाला लागलं असतं."

आता बोला. खरं सांगावं, तर कुणीही शेवटपर्यंत न वाचलेली कादंबरी त्यांनी कुणीही न वाचलेल्या निरोपापायी रद्दीत घातली, हे त्यांना कळणार, तेही वह्या गेल्यावर. न सांगावं, तर आम्ही पाच शहाण्यांनी वाचून ती कचरा ठरवली, हे घेऊन ते गावाला जाणार. दोन्हीकडून मीच त्यांना मारत होते. मला माझी इतकी किळस कधी आली नव्हती. वहिनी पदराने डोळे पुसत होत्या आणि ते त्यांना म्हणत होते, "अहो वहिनी, रडताय काय, बंगळुरू काही लांब नाही."

मला त्यांना काहीतरी चांगलं द्यायचं होतं. उशिरा का होईना. मी म्हटलं, "पोस्टमास्तर, ती चालणाऱ्या खडकांची कल्पना फार छान होती. चहा निवला माझा वाचताना."

ते एकदम थांबले. हातातली सुतळी खाली ठेवून माझ्यासमोर दुसऱ्या खोक्यावर बसले. "खरं?" म्हणाले. "आणि शेवट? शेवट कसा वाटला, बाई? तो मी सात वेळा लिहिला होता."

मी म्हटलं, "शेवट चांगला होता. खरंच फार चांगला होता."

त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. मग हळूहळू त्यांच्या कपाळावर आठी आली. रागाची नाही, टपालावरचा पत्ता लागत नसला की येते तशी. ते माझ्याकडे बघत म्हणाले, "मग एक शब्द का नाही लिहिलात, बाई?"